खारपाणपट्ट्यातले पुनर्भरणाचे खड्डे का बुजतात

मे महिना लागला की विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यात, जिथे भूजल खारं आहे त्या खारपाणपट्ट्यातल्या गावांमध्ये, विहीर पुनर्भरणाचा विषय ग्रामसभेत येतो आणि दरवर्षी तोच वाद त्याच दोन बाजूंनी होतो. एक बाजू म्हणते, प्रत्येक विहिरीशेजारी गाळणखड्डा, म्हणजे पावसाचं पाणी रेती-गिट्टीतून गाळून विहिरीत सोडणारा खड्डा, झालाच पाहिजे; पावसाचं गोड पाणी जमिनीत गेलं की खारपाण आपोआप गोड होईल. दुसरी बाजू म्हणते, पैसे पाण्यात जातात. मागचे खड्डे दुसऱ्याच पावसाळ्यात बुजले, आता त्यात पऱ्हाटीचा कचरा पडलाय, खाऱ्या मुलखाला हे लागू पडत नाही. पहिली बाजू बुजलेल्या खड्ड्याचं खापर ठेकेदारावर फोडते, दुसरी योजनेवर. मीठ गाळणीचं काय करतं, हे मात्र कुणीच विचारत नाही. काही ठिकाणी बांधकाम निकृष्ट असतं हे खरं, पण नीट बांधलेले खड्डेही इथे बुजतात आणि त्याचं कारण मातीला चिकटलेल्या सोडिअममध्ये आहे. माझं म्हणणं असं: पुनर्भरण सोडू नये, पण खारपाणपट्ट्यात शेतातलं गढूळ पाणी गाळणीच्या भरवशावर थेट विहिरीत सोडणं थांबवावं. छपराचं पाणी आधी घ्यावं. आणि वावरातलं पाणी घ्यायचंच असेल, तर रेती-गिट्टीवर पैसा लावण्याआधी ज्या जमिनीवरून ते वाहत येतं त्या जमिनीवर लावावा.

आधी एक गैरसमज बाजूला करू. रेती, गिट्टी आणि कोळशाची गाळणी पाण्यातलं मीठ काढत नाही. मीठ पाण्यात विरघळलेलं असतं. क्लोराइडचा कण रेतीच्या दोन दाण्यांमधून इतक्या सहज निघून जातो की गाळणी दोन फुटांची असो की दहा फुटांची, खाली निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या एकूण क्षारांचं प्रमाण, तोच राहतो. कोळसा वास आणि रंग धरतो, खारटपणा धरत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत. दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतात. वरून आलेलं पाणी या मर्यादेबाहेर असेल तर गाळणी त्याला आत आणू शकत नाही. गाळणीचं काम एकच आहे, गाळ अडवणं. खारपाणपट्ट्यात नेमकं तेच काम तिला करता येत नाही.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही काठांनी साधारण ४,७०० चौरस किलोमीटरचा हा पट्टा आहे. खाली शेकडो फूट गाळाची माती आणि तिच्या पोटात खारं पाणी. वरची काळी माती स्मेक्टाइट जातीच्या चिकणमातीनं भरलेली. पाऊस पडला की फुगते, ऊन लागलं की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. या चिकणमातीचे कण पातळ पापुद्र्यांसारखे असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो. दोन पापुद्र्यांना एकमेकांशी बांधून ठेवण्याचं काम कॅल्शिअम करतं, कारण त्याच्यावर दोन धन भार असतात. सोडिअमवर एकच भार असतो आणि तो स्वतःभोवती पाण्याचं मोठं वेष्टण घेऊन बसतो. कॅल्शिअमची जागा सोडिअमनं घेतली की पापुद्रे सुटतात आणि ढेकूळ विरघळून पाण्यात दुधासारखा तरंगता गाळ होतो.

एवढं बहुतेकांनी ऐकलेलं असतं. पुढची गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही, आणि सगळा घोळ तिच्यातच आहे. पाण्यात एकूण क्षार भरपूर असतील, तर सोडिअमनं भरलेली मातीसुद्धा सुटत नाही. खारं पाणीच कणांना एकमेकांजवळ दाबून ठेवतं. तीच माती पावसाच्या पाण्यात पडली की भराभर सुटते, कारण पावसाच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच. म्हणजे ज्या गोड पाण्यासाठी गाळणी बांधली, तेच गोड पाणी आल्यावर ती बुजते. उन्हाळ्यात काम संपल्यावर ठेकेदार आणि कर्मचारी मिळून खड्ड्यात बोअरचं पाणी सोडून बघतात. सर्रकन पाणी खाली जातं, फोटो निघतो, बिल निघतं. यात कुणाची लबाडी असेलच असं नाही. त्या दिवशी गाळणी खरंच चालत असते. पण ती तपासली जाते खाऱ्या पाण्यावर आणि तिला पुढे काम करायचं असतं पावसाच्या पाण्यावर.

हे घरी बसून बघता येतं. शेताच्या वरच्या थरातलं वाळलेलं हरभऱ्याएवढं ढेकूळ घ्या. काचेच्या दोन ग्लासांपैकी एकात पावसाचं साठवलेलं किंवा बॅटरीत टाकायचं पाणी घ्या आणि दुसऱ्यात त्याच शिवारातल्या बोअरचं. दोन्हींत एकेक ढेकूळ अलगद सोडा. ढवळू नका, ग्लास हलवू नका. दहा मिनिटांनी बघा आणि पुन्हा दोन तासांनी बघा. ढेकूळ फुटून तळाला भुगा झाला पण वरचं पाणी निवळ राहिलं, तर ती माती गाळणीला फारशी छळणार नाही. ढेकळाच्या कडेनं दुधाळ धूर उठला आणि तो तळावर पसरत गेला, तर ती माती सुटणारी आहे. खारपाणपट्ट्यातल्या पुष्कळ वावरांत बोअरच्या पाण्याचा ग्लास स्वच्छ राहतो आणि पावसाच्या पाण्याचा गढुळतो. आता तिसऱ्या ग्लासात पावसाच्या पाण्यात चिमूटभर जिप्सम विरघळवा आणि तसंच ढेकूळ सोडा. तो ग्लास निवळ राहिला, तर उपाय काय करायचा तेही कळलं. या तपासणीला खर्च शून्य आहे. पुनर्भरणाच्या प्रत्येक अंदाजपत्रकाला या तीन ग्लासांचा निकाल जोडला जावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

माती परीक्षण अहवालावर भागणार नाही का? सहसा नाही. जमीन चोपण, म्हणजे सोडिअमनं बिघडलेली, ठरवायला विनिमयक्षम सोडिअमची (मातीच्या कणांना चिकटलेल्या एकूण धन भारांत सोडिअमचा वाटा) १५ टक्क्यांची रेष जगभर वापरली जाते. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्युरोच्या शास्त्रज्ञांनी पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनी तपासल्या, तेव्हा ५ टक्क्यांच्या आसपासच पाणी मुरण्याचा वेग कोसळलेला दिसला. म्हणजे अहवालात ‘सर्वसाधारण’ असा शेरा असलेली जमीनही इथे गाळणी बंद पाडू शकते. शेतकऱ्याला कागद वाचून वाटतं आपली जमीन ठीक आहे, आणि पावसाळ्यात तिच्यावर गुडघाभर चिखल असतो.

आता गाळणीचा हिशेब. एक एकर वावर, तासाभरात २० मिलिमीटर पाऊस, त्यातलं निम्मं पाणी वाहून आलं असं धरा. साधारण ४०,००० लिटर, म्हणजे सेकंदाला ११ लिटर. गाळ बसावा म्हणून गाळणीच्या आधी दीड मीटर लांब, मीटरभर रुंद आणि मीटरभर खोल टाकी बांधली, तर त्यात १,५०० लिटर मावतात. पाणी तिथे सव्वादोन मिनिटं थांबतं. रेती तेवढ्यात बसते. चिकणमातीचा दोन मायक्रॉनचा (मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा) कण मात्र निश्चल पाण्यातही तासाला दीड सेंटिमीटर खाली येतो. मीटरभर टाकीचा तळ गाठायला त्याला पावणेतीन दिवस लागतात. सोडिअमनं सुटलेला अर्ध्या मायक्रॉनचा कण महिना उलटून गेला तरी तरंगत राहतो. गुठळ्या झालेली माती असती तर गोष्ट वेगळी होती, कारण गुठळी बघता बघता खाली बसते. मग पुढे होतं काय? लिटरला एक ग्रॅम गाळ धरला तरी त्या एका तासात ४० किलो चिकणमाती चार चौरस मीटरच्या गाळणीवर येते. सगळी वरच अडली तर पाऊण सेंटिमीटरचा थर बसतो. बुजलेला खड्डा उकरून बघितला की तो थर हाताला लागतो: वर कुंभाराच्या मातीसारखा गुळगुळीत काळा पापुद्रा, बोटानं दाबला तर ठसा उमटेल असा, आणि त्याच्या दोन-तीन इंच खाली कोरी करकरीत रेती. सगळी गाळणी शाबूत असते, बंद असतो तो फक्त वरचा इंचभर. आणि जे पाणी या थरातून खाली उतरतं, ते उरलेला बारीक गाळ घेऊन विहिरीच्या झऱ्यांत जाऊन बसतं. गाळणी खरवडता येते. बुजलेला झरा मोकळा करणं फार अवघड.

इतर जगाला हा धडा वेगळ्या वाटेनं मिळाला. अमेरिकेत रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकण्याचा प्रयोग न्यू हॅम्पशायर राज्यानं १९३८ च्या सुमारास सुरू केला. आज अमेरिकेत एका हिवाळ्यात एक कोटी टनांहून जास्त मीठ रस्त्यांवर पडतं. ते वितळत्या बर्फाबरोबर रस्त्याकडेच्या गाळणखड्ड्यांत आणि पावसाचं पाणी जिरवण्यासाठी केलेल्या वाफ्यांत उतरतं. क्लोराइड सरळ खाली निघून जातं, ओढ्यांत आणि भूजलात पोचतं. गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी तिथे १९८८ पासून दीर्घकालीन मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम क्लोराइड अशी आहे, आणि शहरांजवळचे ओढे हिवाळ्यात ती ओलांडताना दिसतात. सोडिअम मात्र वाफ्यातल्या मातीला चिकटून कॅल्शिअमला हाकलून लावतं. हिवाळाभर काही बिघडलेलं दिसत नाही, कारण पाणी खारं असतं. वसंतात पहिला गोडा पाऊस आला की माती सुटते, पाणी मुरेनासं होतं आणि वर्षभर धरून ठेवलेलं जस्त, तांबं, फॉस्फरस त्या बारीक कणांवर स्वार होऊन बाहेर पडतं. जे आपल्याकडे जूनमध्ये होतं ते तिकडे एप्रिलमध्ये. तिथल्या अभियंत्यांनी गाळण-मातीतली चिकणमाती कमी केली, पहिलं खारं पाणी वळवून बाहेर काढण्याची सोय केली आणि मूळ मीठच कमी टाकायला सुरुवात केली, कारण गाळणी कितीही सुधारली तरी मीठ तिला हरवतं हे त्यांना कळून चुकलं.

यावर कुणी म्हणेल, त्यांचं मीठ ट्रकमधून येतं, ते थांबवता येतं. आपलं जमिनीच्या पोटात आहे, निसर्गाचं आहे. अर्धं खरं आहे. पण पोटातलं मीठ वर आणतं कोण? लिटरला दोन ग्रॅम क्षार असलेल्या बोअरच्या पाण्याचं पाच सेंटिमीटरचं एक ओलीत एक एकराला दिलं, तर चार क्विंटल क्षार त्या वावरावर पसरतात. हरभऱ्याला अशी दोन ओलितं दिली की आठ क्विंटल. पाणी उडून जातं, क्षार राहतात, आणि पुढच्या जूनमध्ये त्याच वावरातून वाहणारं पाणी आपण गोड समजून विहिरीकडे वळवतो. नीरेच्या खोऱ्यात शंभर वर्षांपूर्वी हेच वेगळ्या रूपात घडलं. कालव्याचं पाणी आलं, निचऱ्याची सोय नव्हती, भूजल वर चढलं आणि बारामतीकडच्या चांगल्या जमिनी खारवल्या. पाणी आणताना मिठाचा हिशेब न ठेवण्याची चूक महाराष्ट्राला नवी नाही.

पुनर्भरणवाल्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा आता घेतो, कारण तो खरोखर भक्कम आहे. गोडं पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं. उथळ विहिरीत सोडलेलं पावसाचं पाणी खाऱ्या पाण्यावर थरासारखं तरंगतं आणि हळूहळू उपसलं तर हिवाळ्यापर्यंत हाताशी राहतं. ज्या गावात पिण्याला टँकर लागतो, तिथे हा थर कमी महत्त्वाचा नाही. हे मला मान्य आहे. पण या थराला दोन अटी आहेत. पाणी स्वच्छ हवं, नाहीतर झरेच बुजतात. आणि उपसा सावकाश हवा, कारण मोठी मोटर लावून एकदम ओढलं की खालचं खारं पाणी शंकूसारखं वर चढतं आणि गोडा थर फाटतो. पहिली अट वावरातलं पाणी पाळू शकत नाही, छपराचं पाळू शकतं. १०० चौरस मीटरचं टिनाचं छप्पर, वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस, २० टक्के घट धरली तरी ५६,००० लिटर पाणी मिळतं. शाळा, समाजमंदिर, गोदाम, सोसायटीची इमारत ही छपरं गावात आधीच उभी आहेत. त्यावर माती नाही, सोडिअम नाही; धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा आहे, आणि ती काढणं सोपं आहे. पन्हाळातून येणाऱ्या पाइपाला उभी फांदी देऊन तिच्या तळाला झाकण बसवायचं. प्रत्येक मोठ्या खंडानंतरच्या पावसाचं पहिलं १०० ते २०० लिटर पाणी त्यातून बाहेर सोडायचं आणि मग वाट गाळणीकडे उघडायची. जुन्या लोकांना पाण्याची जागा निवडायची कला होती. नरनाळ्याच्या किल्ल्यावरचा शक्कर तलाव आणि टाकी डोंगरमाथ्यावर उतरणारं पाणी धरतात, खालच्या काळ्या रानातलं नाही.

दुसरी बाजू म्हणते, हे सगळं सोडा, वान धरणाचं पाणी नळानं आणा आणि शेताला शेततळं द्या. पिण्यासाठी नळयोजना हवीच, त्यात वादच नाही. शेततळ्याबद्दल तर मी त्यांच्या बाजूचा आहे. ज्या सोडिअमनं गाळणी बुजते, तेच सोडिअम शेततळ्याचा तळ बंद करतं. इतर ठिकाणी पाझर थांबवायला प्लास्टिक अंथरावं लागतं. इथे पुष्कळ शेततळी अस्तराशिवाय पाणी धरतात. सप्टेंबरच्या खंडात तुरीला किंवा पेरणीच्या वेळी हरभऱ्याला एक संरक्षित ओलीत मिळालं तर त्या शेतकऱ्याचं वर्ष पदरात पडतं. पण इथेही तीच माती पाठीत वार करते. सुटणाऱ्या मातीचा बांध वाळून त्याला भेग पडली आणि त्यातून पाण्याची धार निघाली, की कण धुऊन जातात, आत नळीसारखं भोक पडतं आणि बांध वरून धडधाकट दिसत असताना फुटतो. म्हणून बांध सहा-सहा इंचांच्या थरानं, माती ओलसर करून दाबत घालायचा, पाणी काढायचा पाइप बांधातून न नेता कडेनं न्यायचा, सांडवा दगडाचा करायचा, आणि पाण्याकडच्या फुटभर थरात जिप्सम मिसळायचं. नाला खोलीकरणवाल्यांनीही सांभाळावं. खारपाणपट्ट्यात नाला खोदताना तळ खाऱ्या भूजलाला लागला, तर साठवण झालीच नाही. खारं पाणी उघडं पाडलं एवढंच.

ज्यांना वावरातलं पाणी घेण्यावाचून गत्यंतर नाही, त्यांचं काय? त्यांच्यासाठी सुरुवात गाळणीपासून पन्नास फूट वर होते. पाणी ज्या वाटेनं येतं तिथे दहा गुंठ्यांचा पट्टा नांगरायचा नाही, त्यावर गवत राखायचं. त्या पट्ट्याला आणि पाटाला पहिल्या पावसाआधी जिप्सम द्यायचं. किती द्यायचं याचं गणित आहे: दर १०० ग्रॅम मातीमागे १ मिलिइक्विव्हॅलंट (चिकटलेला भार मोजायचं रसायनशास्त्रातलं माप) सोडिअम हटवायला वरच्या १० सेंटिमीटरपुरतं दहा गुंठ्यांना ११० किलो शुद्ध जिप्सम लागतं. बाजारातलं ७५ टक्के शुद्धतेचं घेतलं तर दीड क्विंटल, म्हणजे तीन पोती. बारीक दळलेलं घ्यायचं, मातीवर फेकून वरवर मिसळायचं, खोल गाडायचं नाही, कारण पावसाचं पाणी जमिनीला लागतं त्या क्षणी त्यात कॅल्शिअम हवं. जिप्सम लिटरला अडीच ग्रॅमपर्यंत विरघळतं. इथे शेतकरी हमखास विचारतो, आमच्या वावरात चुनखडीचे खडे पायाला टोचतात, मग कॅल्शिअम विकत कशाला? प्रश्न बरोबर आहे. पण चुनखडीतलं कॅल्शिअम कुलूपबंद आहे. जमिनीचा सामू साडेआठकडे गेला की चुना जवळजवळ विरघळतच नाही. उलट, या कोरड्या मुलखात कॅल्शिअम चुनखडी होऊन बाजूला पडत गेलं म्हणूनच मातीत सोडिअमचं वजन वाढलं.

जिप्समवर दोन आक्षेप खरे आहेत. एक, त्यानं पाण्यातले क्षार वाढतात आणि सल्फेट वाढतं. पिण्याच्या पाण्यात सल्फेटची मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर ४०० आहे. म्हणून पिण्याच्या विहिरीच्या गाळणीत जिप्समचं पोतं टाकणं चूक आहे आणि पिण्याच्या विहिरीला वावरातलं पाणी जोडूच नये. दोन, ते एकदा टाकून भागत नाही. सुटलेलं सोडिअम खाली निचरून गेलं नाही, तर उन्हाळ्यात पुन्हा वर येतं. म्हणून खर्चाची तुलना दरवर्षीच्या खर्चाशी करायला हवी. तरीही बुजलेला खड्डा दर दोन वर्षांनी नव्यानं बांधण्यापेक्षा तीन पोती स्वस्तच पडतात. १९५३ साली समुद्र आत घुसून नेदरलँड्सच्या झीलंड भागातली शेती खाऱ्या पाण्याखाली गेली. तिथल्या शेतीतज्ज्ञांना ठाऊक होतं की खरा धोका पाणी ओसरल्यावर, पावसानं मीठ धुतलं जाताना येतो. तेव्हाच चिकणमातीची घडण मोडते. म्हणून त्यांनी जमिनीला जिप्सम दिलं आणि ओल्या मातीत औत घालू दिलं नाही. आपल्याकडे कर्नालला १९६९ साली केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था निघाली, आणि जिप्समच्या जोरावर पंजाब-हरियाणातल्या नापीक चोपण जमिनी भाताखाली आल्या. उपाय जुना आहे, तपासलेला आहे. पुनर्भरणाच्या अंदाजपत्रकात त्याला एक ओळसुद्धा नसते, ही माझी तक्रार आहे.

गवताच्या पट्ट्यानंतरचा आराखडा थोडक्यात असा. पहिल्या दोन-तीन पावसांचं पाणी, ज्यात उन्हाळ्यात वर फुटलेला पांढरा खार असतो, ते वळवून नाल्यात जाऊ द्यायचं. त्यासाठी पाटाला फळीची साधी दारं पुरतात. मग पाणी एका उथळ, मोठ्या डबक्यात थांबवायचं, मिनिटं नव्हे तर दिवस, आणि वरचं निवळलेलं पाणीच तरंगत्या तोंडाच्या पाइपानं गाळणीकडे न्यायचं. ते चार दिवसांतही निवळलं नाही, तर तुरटीची चाचणी करायची: लिटरभराच्या पाच बाटल्यांत १०, २०, ३०, ४०, ५० मिलिग्रॅम तुरटी आणि ज्यात अर्ध्या तासात गुठळ्या तळाला बसतील ती मात्रा. गाळणीत तळाला ४० मिलिमीटर गिट्टीचा फुटभर थर, त्यावर २० मिलिमीटरचा, मग १० मिलिमीटरचा अर्धा फूट आणि वर दोन फूट जाडी रेती. रेती पूर्णेच्या पात्रातून गाळासकट उचललेली नको. कन्हान नदीची किंवा तशीच जाडी, आणि ती बादलीत पाणी निवळ येईपर्यंत धुवायची. रेतीच्या वर शेडनेटचा एक पदर आणि त्यावर दोन इंच रेती, म्हणजे थर बसला की नेट गुंडाळून वरचा चिखल उचलता येतो. डबक्यातलं पाणी तळ दिसत नाही इतकं दुधाळ असेल, तर त्या दिवशी गाळणीचं दार उघडायचंच नाही. हा शेवटचा नियम पाळायला माणूस लागतो. गाळणी बांधून देणाऱ्या योजनेत त्या माणसाची मजुरी धरलेली नसेल, तर ती योजना अपुरी आहे.

शेवटचा मुद्दा शेताचा नाही, गावठाणाचा आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त सलतो. खारपाणपट्ट्यातल्या गावोगावी आरओचे प्लांट आले, आणि यायलाच हवे होते. खारं पाणी पिऊन पिढ्या गेल्या. पण दिवसाला १,००० लिटर शुद्ध पाणी देणारा प्लांट निम्मं पाणी टाकून देत असेल आणि बोअरचा टीडीएस १,५०० असेल, तर टाकाऊ पाण्याबरोबर रोज जवळपास तीन किलो क्षार बाहेर पडतात. वर्षाला दहा क्विंटल. हा पाइप बहुतेक ठिकाणी नालीत किंवा नव्या शोषखड्ड्यात सोडलेला असतो. त्याच खड्ड्यात धुण्याचं पाणी येतं, ज्यात धुण्याच्या सोड्याचं सोडिअम असतं, आणि त्याच खड्ड्यात पावसाचं पाणी उतरतं. उन्हाळ्यात खारं पाणी बरं मुरतं, जूनमध्ये गोडं पाणी येतं, भोवतीची काळी माती सुटते आणि खड्डा तुडुंब भरून उभा राहतो. मग लोक म्हणतात, खड्डा लहान झाला. दुसरा खोदतात आणि पाइप तिकडे वळवतात.

हे पाणी वेगळं ठेवता येतं. सार्वजनिक शौचालयाला आणि बाजारओट्याच्या धुण्याला ते चालतं. उरलेल्यासाठी अस्तर घातलेला उथळ हौद लागतो. रोज पाच मिलिमीटर पाणी उडून जातं असं धरलं, तर १,००० लिटरला २०० चौरस मीटर जागा हवी. ती प्रत्येक गावाला मिळणार नाही आणि पावसाळ्यात तो हौद उपयोगी नाही, हेही खरं. पण पहिलं पाऊल एवढं मोठं नाही. साध्या टीडीएस मीटरनं नालीच्या तोंडाशी पाणी मोजायचं आणि मृगाच्या आधी तो पाइप शोषखड्ड्यातून उपटून शौचालयाच्या टाकीकडे न्यायचा. प्लंबरचा अर्धा दिवस, वीस-पंचवीस फूट पाइप आणि दोन एल्बो लागतात.